सोडा सुटला, शहाळे आले : एका हृदयरुग्णाच्या ॲसिडिटीचे प्रकरण

रुग्णाची आणि त्यांच्या कुटुंबीयांची परवानगी घेऊन हे प्रकरण लिहीत आहे. ओळख पटेल असे घरगुती तपशील बदलले आहेत; औषधे, तपासण्यांचे आकडे आणि घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. यात एक चूक माझी स्वतःची आहे आणि ती जिथे घडली तिथेच सांगितली आहे.

पार्श्वभूमी

रुग्ण ६८ वर्षांचे, दक्षिण कोकणात समुद्रालगतच्या एका गावात राहणारे आंबा बागायतदार. घरी ते आणि पत्नी, मुलगा-सून मुंबईत. गेल्या नोव्हेंबरात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. फोंडा घाट चढून कोल्हापूरला नेईपर्यंत बराच वेळ गेला. तिथे अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला, जीव वाचला, पण हृदयाच्या स्नायूचे व्हायचे ते नुकसान झालेच. डावा कप्पा दर ठोक्याला किती टक्के रक्त पुढे ढकलतो याचे माप एरवी ५५ च्या पुढे असते. त्यांचे ३५ वर आले होते.

घरी परतताना त्यांच्या कागदावर आठ औषधे होती. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून, ॲटॉर्व्हास्टॅटिन कोलेस्टेरॉलसाठी, मेटोप्रोलॉल नाडीचा वेग आवरण्यासाठी, रामिप्रिल ५ आणि स्पायरोनोलॅक्टोन २५ मिलिग्रॅम दुबळ्या झालेल्या हृदयावरचा ताण उतरवण्यासाठी, टॉर्सेमाइड अंगात साचणारे पाणी लघवीवाटे काढण्यासाठी. आठवे पॅन्टोप्राझोल. रक्त पातळ ठेवणारी दोन औषधे एकत्र चालू असलेल्या साठीपुढच्या माणसाला जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका असतो, म्हणून ते दिले होते. ते ‘ॲसिडिटीची गोळी’ म्हणून दिलेले नव्हते, हे पुढच्या घटनांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. कारण घरात मात्र ते त्याच नावाने ओळखले जात होते.

जानेवारीतल्या तपासणीत रक्तातले पोटॅशियम ४.६ आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की वाढणारे माप) १.२ होते. पोटॅशियमची नेहमीची मर्यादा ३.५ ते ५ अशी धरली, तर हा आकडा ठीक होता, तरी वरच्या अंगाला झुकलेला होता. तसा तो असणारच. मूत्रपिंडाला पोटॅशियम बाहेर टाकण्याची आज्ञा अल्डोस्टेरॉन नावाचे संप्रेरक देते. रामिप्रिल ते तयार होणे कमी करते आणि स्पायरोनोलॅक्टोन त्याचा परिणाम अडवते. दोन्ही औषधे हृदयाच्या फायद्याची आहेत, पण दोन्ही चालू असताना पोटॅशियम बाहेर जायची वाट अरुंद झालेली असते, आणि आत किती येते यावर बरेच काही ठरू लागते.

समस्या कशी सुरू झाली

एप्रिल म्हणजे काढणीचे दिवस. पहाटे झाडावरून आंबा उतरवायचा, दुपारी पडवीत उकिडवे बसून निवड करायची आणि संध्याकाळी पेट्या भरायच्या. गुडघे दुखू लागले तेव्हा त्यांनी दुकानातून ‘दुखण्याची गोळी’ आणली. ती डायक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल यांची जोडगोळी होती, आणि ती ते दिवसातून दोनदा घेऊ लागले. हे मला पुष्कळ उशिरा कळले.

आठवड्याभरात छातीत जळजळ, आंबट ढेकर आणि रात्री आडवे झाल्यावर घशाशी येणे सुरू झाले. नेमके त्याच सुमारास पॅन्टोप्राझोलची पाकिटे संपली. दुकानात ते नव्हते, म्हणून ‘तेच काम करतं’ असे सांगून ओमेप्राझोल आणि डॉम्पेरिडोन एकत्र असलेली कॅप्सूल दिली गेली. त्यानेही पुरते बरे वाटेना, तेव्हा रात्री झोपताना एक चमचा खायचा सोडा पाण्यात घालून घेणे सुरू झाले, आणि जळजळ वाढली की दुपारीही एक.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ते माझ्याकडे आले तेव्हा तक्रार दोन गोष्टींची होती : छातीत जळजळ आणि पायांना सूज. वजन मार्चपेक्षा तीन किलोने वाढलेले होते.

पहिला निर्णय : जळजळ छातीची की हृदयाची

स्टेंट बसलेल्या माणसाने ‘ॲसिडिटी’ म्हटले की ती ॲसिडिटी आहे असे आधी मानायचे नाही, ही शिस्त मी पाळली. झटका आला त्या दिवशीही त्यांनी घरी ‘पित्त झालं’ असेच सांगितले होते. जळजळ चालताना किंवा चढ चढताना येते का, घाम येतो का, डाव्या हाताकडे जाते का, हे विचारले. ती वाकल्यावर आणि जेवून आडवे झाल्यावर वाढत होती, बागेत चढताना नाही. ईसीजी काढला, जुन्याशी ताडून पाहिला, दोन तासांनी पुन्हा काढला. नवा बदल नव्हता. ग्रामीण रुग्णालयातून ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणारी रक्ततपासणी, करून घेतली, तीही नकारात्मक आली. इथवरचा विचार आज पाहतानाही मला बरोबर वाटतो.

मग सुजेकडे वळले. मीठ वाढले आहे का, सुके मासे किती, लोणची-पापड किती, असे विचारताना पत्नीने सोड्याचे सांगितले. एका ग्रॅम खायच्या सोड्यात सुमारे २७४ मिलिग्रॅम सोडियम असते. सपाट भरलेल्या चहाच्या चमच्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी प्रौढालाही दिवसभरात दोन ग्रॅमच्या आत सोडियम घ्यायला सांगितले आहे. हे गृहस्थ जेवणातल्या मिठाव्यतिरिक्त, नुसत्या सोड्यातूनच, काही दिवस अडीच ग्रॅम घेत होते. सोडा खारट लागत नाही, त्यामुळे ‘मीठ कमी करा’ हा सल्ला पाळणाऱ्या माणसालाही आपण मीठच खातो आहोत असे वाटत नाही. सोडियम पाणी धरून ठेवते. दुबळ्या हृदयाच्या माणसात ते पाणी आधी घोट्यात आणि मग फुप्फुसात दिसते.

सुजेचे कारण सापडल्याच्या समाधानात मी तिथेच थांबले. सोडा बंद करायला सांगितला, टॉर्सेमाइडचा डोस आठवड्यापुरता दुप्पट केला, आणि रुग्णाने ‘मग जळजळ झाली तर काय घेऊ?’ असे विचारल्यावर म्हटले, “शहाळ्याचं पाणी घ्या. थंड पडेल.”

हे वाक्य मी विचार करून उच्चारले नव्हते. आमच्या किनाऱ्यावर ते कोणीही कोणालाही म्हणतो. ज्याच्या दारात दहा माड आहेत, त्याला शहाळे पी म्हणणे म्हणजे पाणी पी म्हणण्यासारखेच असते. कागदावर स्पायरोनोलॅक्टोन माझ्यासमोर लिहिलेले होते, तरी माझ्या डोक्यात दोन गोष्टींची गाठ पडली नाही. पोटॅशियमची तपासणीही त्या दिवशी सांगितली नाही, कारण मे अखेरीस ती ठरलेलीच होती.

बिघाड

पुढचे १७ दिवस काय झाले ते नंतर जुळवले. सूज उतरली, वजन कमी झाले, सगळ्यांना बरे वाटले. रोज दोन-तीन शहाळी उतरवली जाऊ लागली; आमच्याकडे त्यांना अडसर म्हणतात, आणि अडसराचे पाणी पिऊन झाले की आतली कोवळी मलईही खाल्ली जाते. मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईहून आलेल्या सुनेने सासऱ्यांच्या काळजीने घरातले मीठ बदलून ‘कमी सोडियम’चे आणले. अशा मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. रक्तदाब असलेल्या, मूत्रपिंड ठीक असलेल्या माणसासाठी ही चांगली गोष्ट आहे. फणसही पिकला होता. गुडघ्याची गोळी चालूच होती. वाढवलेले टॉर्सेमाइड आठवड्यानंतर कमी करायचे होते, ते काढणीच्या गडबडीत राहून गेले.

मेच्या मध्यात एका संध्याकाळी त्यांना रिक्षात घालून आणले. सकाळपासून पाय भरून आल्यासारखे वाटत होते, दुपारी पडवीतून उठताच येईना. छातीत दुखत नव्हते. नाडी ३८, रक्तदाब ९४/५६, शुद्धीवर पण मंद. ईसीजीच्या कागदावर पी लाट दिसेनाशी झाली होती, मधला भाग रुंदावला होता आणि टी लाट तंबूसारखी उंच, टोकदार झाली होती. पोटॅशियम फार वाढल्याचे हे चित्र पुस्तकात पाहिलेले असते. प्रत्यक्षात ते आपल्या ओळखीच्या माणसाच्या नावाखाली निघाले की हात क्षणभर थांबतो.

समोरचे पर्याय, पहिल्या अर्ध्या तासातले

एक मार्ग असा होता की रक्त घेऊन प्रयोगशाळेत पाठवावे आणि आकडा आल्यावर उपचार करावा. रक्त घेताना पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते, त्यामुळे आकड्याबद्दल सावध राहणे योग्यच असते. पण जवळची प्रयोगशाळा ४० मिनिटांवर होती आणि त्या वेळी बंद झालेली होती; शिवाय ईसीजी खोटे बोलत नव्हता. दुसरा मार्ग म्हणजे काही न करता सरळ १०८ ची रुग्णवाहिका बोलावून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवणे. रस्ता दीड तासाचा होता, आणि या अवस्थेतले हृदय वाटेत कधीही थांबू शकते. मंद नाडी पाहून ती नवा झटका समजणे आणि त्या दिशेने उपचार करणे, ही तिसरी शक्यताही मनात येऊन गेली.

मी रुग्णवाहिका बोलावली आणि ती येईपर्यंत ईसीजी लावून ठेवून कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून सावकाश दिले. कॅल्शियमने पोटॅशियम कमी होत नाही. ते हृदयाच्या स्नायूला त्या विषारी परिणामापासून अर्धा-पाऊण तास आडोसा देते, एवढेच. दहा मिनिटांत मधला भाग अरुंद झाला आणि नाडी ५२ वर आली. सालब्युटामॉलची वाफ दिली. तिने पोटॅशियम काही काळ रक्तातून पेशींच्या आत जाते. हृदयरुग्णात ती जपून द्यावी लागते, म्हणून कमी मात्रेत सुरुवात केली. सोबत चिठ्ठी दिली आणि त्यात पहिल्या ओळीत लिहिले : रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन, मेटोप्रोलॉल पुढची सूचना मिळेपर्यंत बंद.

मेटोप्रोलॉलचे नाव तिथे मुद्दाम होते. हे औषध नाडी मंद करते, पोटॅशियमही नाडी मंद करते. नाडी फार मंदावली की मूत्रपिंडाला रक्त कमी मिळते, मग पोटॅशियम आणखी वाढते. दोघे मिळून एकमेकांना खाली ओढतात. म्हणूनच प्रत्येक औषध ‘योग्य डोस’मध्ये असूनही माणूस अचानक कोसळू शकतो.

रुग्णालयातला पहिला आकडा आला : पोटॅशियम ७.१, क्रिएटिनिन २.६. ग्लुकोजसोबत इन्सुलिन, पुन्हा कॅल्शियम, शिरेतून थोडे सलाईन. डायलिसिसची तयारी ठेवली होती, लागली नाही. दुसऱ्या दिवशी पोटॅशियम ५.४ वर आले, सहाव्या दिवशी ४.९ आणि क्रिएटिनिन १.७ असताना त्यांना घरी सोडले. तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या नातलगांनी पिशवीतून दोन शहाळी आणली होती. परिचारिकेने ती दारातच ठेवून घेतली. आपल्याकडे रुग्णालयाच्या फाटकासमोर शहाळ्याची गाडी असते, त्यामुळे या नातलगांना दोष कोण देणार.

पिशवी

भरती झाल्याच्या दुसऱ्या सकाळी मी पत्नीला निरोप दिला की घरात ते जे जे घेतात ते सगळे आणा, औषध असो वा नसो. त्या आणि एक पुतण्या कापडी पिशवी घेऊन आले, ती टेबलावर रिकामी केली. आठ औषधांपैकी सात ओळखीची पाकिटे. एक कापलेली पट्टी, ज्यात चार कॅप्सूल शिल्लक होत्या. कात्री अशी चालली होती की नाव, तारीख काहीच उरले नव्हते. दुसरी कापलेली पट्टी, पिवळसर गोळ्यांची. तिच्या मागे निम्मे नाव शिल्लक होते, त्यावरून डायक्लोफिनॅक कळले. बडीशेपेच्या जुन्या बाटलीत तळाशी उरलेला सोडा. पत्नी म्हणाल्या, “तो बंद केलानी हो, तुम्ही सांगितल्यापासून.” शहाळ्याचे विचारले तेव्हा पुतण्या चकितच झाला. “बाई, अडसर काय औषद आसा? ता कशाक सांगूचा?”

मिठाचे पाकीट पिशवीत नव्हते. ते सुनेशी फोनवर बोलताना, जवळजवळ योगायोगाने, कळले.

तिथे बसून मी हिशेब मांडला. शहाळ्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात साधारण २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. एका शहाळ्यात पाव लिटरभर पाणी धरले, तरी तिघांचे मिळून दोन ग्रॅमच्या घरात जाते. निरोगी मूत्रपिंडे एवढे सहज बाहेर टाकतात. शहाळ्यात काही दोष नाही. पण इथे रामिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोनने वाट अरुंद केलेली, आणि डायक्लोफिनॅकने उरलीसुरली बंद केलेली. डायक्लोफिनॅकच्या जातीचे वेदनाशामक औषध मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा आवळते. रामिप्रिल, लघवीचे औषध आणि वेदनाशामक ही तिन्ही एकत्र आली, त्यात मे महिन्याचा उन्हाळा आणि वाढवलेले टॉर्सेमाइड, की मूत्रपिंडे काही दिवसांत मान टाकतात. जळजळ सुरू झाली तीही त्याच गोळीमुळे असण्याची शक्यता मोठी. म्हणजे गुडघ्याच्या गोळीने जळजळ आणली, जळजळीसाठी सोडा आला, सोड्याने सूज आणली, सुजेसाठी मी सोडा काढला आणि शहाळे दिले. प्रत्येक पायरीवर उपाय झाला. जळजळ मुळात कशाने आली, हे कोणी विचारले नाही, मीही नाही.

पुढचे पर्याय : हृदयाची औषधे

घरी सोडताना प्रश्न होता तो रामिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोनचा. दोन्ही कायमची बंद करणे सर्वांत सोपे होते आणि कुटुंबाची इच्छाही तशीच होती. पण स्पायरोनोलॅक्टोनचा उपयोग वरवरचा नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीव्र हृदय-दुर्बलतेच्या १,६६३ रुग्णांमध्ये या औषधाने मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटले होते. त्याच वेळी त्या चाचणीत क्रिएटिनिन २.५ च्या वर आणि पोटॅशियम ५ च्या वर असलेल्यांना घेतलेच नव्हते, आणि ज्यांना घेतले त्यांची तपासणी वरचेवर होत होती. त्यानंतर कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात हे औषध मोठ्या प्रमाणावर लिहिले जाऊ लागले. रामिप्रिलच्या जातीची औषधे घेणाऱ्या वृद्धांमध्ये वाढलेल्या पोटॅशियमपायी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण १९९४ मध्ये दर हजारी २.४ होते, ते २००१ मध्ये ११ झाले. औषध तेच, चाचणीतली पाळत मात्र बाहेर उरली नाही. आमच्या प्रकरणात ऑन्टॅरिओचीच गोष्ट एका घरापुरती घडली, असे मला वाटते.

कोल्हापूरच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून ठरले ते असे. मेटोप्रोलॉल निम्म्या डोसने लगेच सुरू करायचे. रामिप्रिल २.५ मिलिग्रॅम दोन आठवड्यांनी, तेही क्रिएटिनिन १.५ च्या आसपास स्थिरावल्यावर, आणि सुरू केल्यापासून सातव्या दिवशी पोटॅशियम. स्पायरोनोलॅक्टोन त्यानंतर महिनाभराने १२.५, आणि पुन्हा एका आठवड्याने, मग एका महिन्याने तपासणी. पोटॅशियम आतड्यात बांधून ठेवणारी भुकटी रोज देऊन जुने डोस कायम ठेवणे, हाही एक पर्याय होता. पण ती घशाखाली उतरवणे कठीण, बद्धकोष्ठ करणारी, आणि इतर औषधांपासून तीन तास लांब ठेवावी लागणारी. आठ औषधांच्या माणसाला हे वेळापत्रक झेपले नसते.

पुढचे पर्याय : जळजळ

डायक्लोफिनॅक बंद, यावर चर्चा नव्हती. गुडघ्यांसाठी नुसते पॅरासिटामॉल, शेक, मांडीच्या स्नायूंचे दोन व्यायाम आणि पुढच्या हंगामात पेट्या भरताना उकिडवे न बसता स्टुलावर बसणे. शौचाची तपासणी आणि हिमोग्लोबिन पाहिले. रक्तस्राव झालेला नव्हता. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि डायक्लोफिनॅक महिनाभर एकत्र पोटात जाऊनही झाला नाही, हे दैवच.

ओमेप्राझोलचा प्रश्न अधिक बारकाईचा आहे. क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृतातले एक विकर (एन्झाइम) त्याला कामाच्या रूपात आणते. ओमेप्राझोल नेमके तेच विकर अडवते, त्यामुळे क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये या दोघांना एकत्र टाळण्याची सूचना काढली. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ओमेप्राझोल घेणाऱ्यांत हृदयाचे झटके वाढलेले दिसले नाहीत आणि पोटातला रक्तस्राव कमी झाला. पण निधी संपल्याने ती चाचणी मुदतीआधी थांबली होती, म्हणून तिच्यावरून छातीठोकपणे काही म्हणता येत नाही. माझे मत साधे आहे : पॅन्टोप्राझोलचा या विकरावरचा परिणाम बराच कमी, तेही सहज मिळणारे, मग सहा महिन्यांपूर्वी स्टेंट बसलेल्या माणसावर हा वाद तपासून पाहायचे कारण काय? पॅन्टोप्राझोल सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी पुन्हा सुरू केले.

त्या कॅप्सूलमधल्या डॉम्पेरिडोनकडे कुणाचेच लक्ष गेले नव्हते. ते हृदयाच्या विद्युत-लयीत बिघाड करू शकते, म्हणून २०१४ मध्ये युरोपातल्या औषध संस्थेने हृदय-दुर्बलतेसारखे आजार असलेल्यांना ते देऊ नये असे सांगितले. आपल्याकडे ॲसिडिटीच्या गोळीच्या नावामागे एक अक्षर वाढवून ते सर्रास विकले जाते. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम वर-खाली होत असलेल्या माणसात ते आणखीच नको.

जळजळ अचानक आलीच तर काय घ्यायचे, हा त्यांचा मूळ प्रश्न उरतो, आणि या वेळी त्याचे उत्तर विचार करून दिले. क्रिएटिनिन वाढलेले असताना मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचे पांढरे पातळ औषध रोजचे नको. आठवड्यातून एखादवेळ, बाकी गोळ्यांपासून दोन तास लांब. त्याआधी रात्रीचे जेवण साडेसातला, पलंगाच्या डोकीकडच्या पायांखाली दोन विटा, जेवल्यावर तीन तास आडवे व्हायचे नाही. साडेसातच्या जेवणाला पत्नीने मान्यता दिली. विटांना यजमानांनी बराच काळ दिली नाही.

आहार

इथे मोह होतो तो मोठी यादी हातात देण्याचा. आम्ही चारच गोष्टी सांगितल्या. रामिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन चालू आहेत तोवर शहाळे बंद. कमी सोडियमचे मीठ बंद; त्याऐवजी साधेच मीठ, पण मोजून, आणि सुके मासे पंधरवड्यातून एकदा, तेही पाण्यात भिजवून ते पाणी टाकून. फणस चवीपुरता. बटाटा-भाजी चिरून, उकळून, पाणी ओतून मग फोडणीला, कारण पोटॅशियम पाण्यात उतरते. स्वयंपाकातले खवलेले खोबरे, जेवणातली वाटीभर सोलकढी आणि हंगामातला एक हापूस ठेवला. आंबा बागायतदाराला आंबा तोडून टाकणारा सल्ला घरात टिकलाच नसता आणि त्याच्याबरोबर बाकीचेही सल्ले गेले असते.

पाचवी गोष्ट भाद्रपदासाठी आधीच सांगून ठेवली. गणपतीत घरोघरी येणारे पपनस हे ग्रेपफ्रूटच्या कुळातले. ग्रेपफ्रूटचा रस आतड्यातले औषध मोडणारे विकर बंद पाडतो आणि काही औषधांची रक्तातली पातळी वाढवतो, हे १९८९ मध्ये कॅनडात योगायोगाने कळले. दारूची चव लपवायला संशोधकांनी तो रस वापरला होता. ॲटॉर्व्हास्टॅटिन त्याच विकराने मोडते. प्रसादाची एक फोड ठीक. रोज अर्धे पपनस नको.

परिणाम

जूनच्या अखेरीस रामिप्रिल सुरू झाले, पोटॅशियम ४.७ राहिले. ऑगस्टमध्ये स्पायरोनोलॅक्टोन १२.५ सुरू करून एका आठवड्याने ते ४.९ झाले, महिन्याने ४.८. क्रिएटिनिन १.४ वर थांबले आहे, जानेवारीच्या १.२ ला ते परतलेले नाही आणि बहुधा परतणार नाही. जळजळ आठवड्यातून एखाद्या वेळी होते. घडलेल्या दुष्परिणामाची नोंद भारतीय औषध-सतर्कता कार्यक्रमाकडे केली. १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर रुग्णही ती स्वतः करू शकतो, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

वेगळे काय करता आले असते

एप्रिलच्या त्या भेटीत मी लघवीचे औषध दुप्पट केले आणि रक्त तपासले नाही. स्पायरोनोलॅक्टोन चालू असलेल्या माणसाचे कोणतेही औषध बदलताना आठवड्याभरात पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पाहायचे, हा नियम मी दुसऱ्यांना शिकवते. ठरलेली तारीख पुढे आहे म्हणून थांबणे ही सबब होती. त्याच दिवशी तपासले असते, तर डायक्लोफिनॅकने मूत्रपिंडावर केलेला परिणाम आकड्यात दिसला असता आणि शहाळ्याचा सल्ला कदाचित जिभेवरच थांबला असता.

दुसरे, माझा प्रश्न चुकीचा होता. “कुठल्या गोळ्या चालू आहेत?” असे विचारले की माणूस कागद पुढे करतो. आता मी सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत तोंडात काय काय जाते ते क्रमाने विचारते, आणि दुखण्यासाठी, झोपेसाठी, पोटासाठी काय घेता हे तीन वेगळे प्रश्न म्हणून विचारते. यात पाच मिनिटे जास्त जातात. पावसाळ्यात बाहेर ४० माणसे बसलेली असताना ती पाच मिनिटे काढणे नेहमी जमते असे मी म्हणणार नाही.

दुकानदारालाही दोष देऊन मोकळे होता येत नाही. त्यांना भेटले, प्रकरण सांगितले. औषध संपले तर बदलून न देता आधी फोन करायचे त्यांनी मान्य केले, आणि पट्टी कापताना नावाचा तुकडा गिऱ्हाईकाच्या बाजूला ठेवायचेही. रुग्णालयाच्या सुटकेच्या कागदावर पॅन्टोप्राझोलसमोर ‘पोटाच्या रक्षणासाठी, बदलू नये’ एवढे मराठीत लिहिलेले असते तर पहिली अदलाबदल घडली नसती, हेही खरे.

नोव्हेंबरमध्ये स्टेंटला एक वर्ष होईल. तज्ज्ञांनी क्लोपिडोग्रेल थांबवले तर पॅन्टोप्राझोल चालू ठेवायचे का, याचा विचार तेव्हा नव्याने करावा लागेल. एकट्या ॲस्पिरिनसाठी आणि अजून मधूनमधून होणाऱ्या जळजळीसाठी ते हवे, तर दीर्घकाळ घेतल्यास मॅग्नेशियम घटवण्याचा त्याचा स्वभाव या हृदयाला नको. त्या भेटीच्या कागदावर मॅग्नेशियमची तपासणी आत्ताच लिहून ठेवली आहे, आणि तिच्याखाली ‘पिशवी घेऊन येणे’.